दहा वर्तुळे घेऊन वऱ्हाडात

मोर्शीचे वानखडे मास्तर नसते तर मी आज बाजाराच्या दिवशी पोत्यावर वांगी मांडून बसलो असतो. त्यात वाईट काही नाही. माझे वडील आणि दोन्ही चुलते तेच करत आले. पण माझी चौथीची परीक्षा झाली आणि मास्तर आमच्या मळ्यात आले, वडिलांच्या शेजारी बांधावर उकिडवे बसले आणि म्हणाले, "तुकाराम, हे पोट्टं मले दे."

वडील म्हणाले, "न्या जी. वजनावर देऊ का नगावर?"

दोघेही हसले. अमरावतीच्या हायस्कुलात मास्तरांनी माझे नाव घातले, बोर्डिंगात जागा मिळावी म्हणून तीन हेलपाटे मारले. नागपूरच्या कॉलेजात जायला निघालो तेव्हा बुटाची नाडी कशी बांधायची तेही त्यांनीच दाखवले. ते स्वतः कधी बूट घालत नसत, कुणाकडून तरी शिकून आले होते. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. हे आधी सांगून ठेवतो, कारण माझ्या या प्रवासाचा शेवट त्यांच्याच दाराशी जातो आणि तो चांगला नाही.

एम.ए.ला मी मानसशास्त्र घेतले होते. माणूस काय बोलतो ते सोडा, तो काय करतो ते मोजा, असे आमच्या प्रोफेसरांचे सांगणे असे. ते मूळचे पुण्याचे, नागपुरात स्थायिक झालेले, शिकवण्यात अतिशय पक्के. मला सरकारी शिष्यवृत्ती मिळाली ती त्यांच्याच शब्दावर. त्यांनी मला प्रबंधाला विषय दिला तो मुलांच्या खरेपणाचा. शहरातली मुले आणि खेड्यातली मुले यांत खरी कोण, हे मोजून काढायचे.

खरेपणा मोजायचा कसा? त्याची युक्ती सोपी आहे. एका कागदावर दहा लहान वर्तुळे गोलाकार छापलेली असतात. मुलाने ती नीट पाहून घ्यायची, मग डोळे मिटायचे आणि मिटल्या डोळ्यांनी एकेका वर्तुळात फुली मारायची. हे कुणालाच जमत नाही. दहातल्या दोन-तीन फुल्या नशिबाने आत पडतात, बाकीच्या भलतीकडे जातात. तेव्हा ज्याच्या सात-आठ फुल्या बरोबर पडल्या त्याने डोळे किलकिले केले, असे समजायचे. म्हणजे या परीक्षेत नापास होणारा खरा आणि पास होणारा लबाड. अर्थात हे मुलांना सांगायचे नाही, आणि शिक्षकांनाही नाही. कागद कुणाला आधी दाखवायचा नाही, हा प्रोफेसरांचा सर्वांत कडक नियम होता.

तो नियम मी एकाच ठिकाणी मोडला. बाकी शाळांना मी नुसते 'येतो' म्हणून कळवले. पण वानखडे मास्तरांच्या शाळेत त्यांना न विचारता काही करायचे, हे माझ्या हातून होईना. पंधरा दिवस आधी मी त्यांना पत्र लिहिले, परवानगी मागितली, आणि पत्राबरोबर तो कागद पाठवला. युक्ती काय ती लिहिली नाही, नुसता कागद. एवढ्याने काय होणार आहे, असे मला वाटले.

तिवसा

दिवाळी होऊन गेली होती. नागपूरहून निघालेली मोटार तिवशाला आली आणि तिच्या तोंडातून वाफ निघू लागली. ड्रायव्हर पाणी आणायला गेला. आम्ही उतारू एका निंबाखाली बसलो. समोरच कढईत मिरचीची भजी तळत होते. नागपूरच्या पुणेरी खाणावळीत दोन वर्षे गुळाची आमटी खाल्ल्यावर ती पहिली मिरची जिभेवर पडली तेव्हा डोळ्यांत पाणी आले आणि बरे वाटले.

माझ्याजवळ पत्र्याची पेटी होती. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी तिच्यावर हात ठेवून विचारले, "कायचे कागद हायेत जी? जमिनीचे?"

"नाही. मुलांच्या परीक्षेचे. वागणं मोजायचं आहे."

"वागनं? मोजता येते?"

"येतं."

त्यांनी जरा विचार केला. "मंग आमच्या सुनेचं मोजून द्या न. किती भरते ते एकडाव कागदावर पाहिजे. तिच्या मायले दाखवतो."

सगळे हसले. मागे बसलेली एक बाई म्हणाली, "सासऱ्याचं बी मोजा मंग. काटा तोच ठेवजा." त्यावर म्हातारे गृहस्थ भजी खाण्यात गढून गेले. मीही हसलो. माझ्या विद्येची एवढी थट्टा मला चालत होती, कारण तेव्हा माझा तिच्यावर पूर्ण विश्वास होता.

अमरावती

परकोटाच्या आत एका शाळेत माझे पहिले काम होते. मी पायी चालत, हातात पेटी घेऊन आलो. दाराशी शाळेचा शिपाई उभा होता. त्याने माझ्या मागे रस्त्यावर लांबवर पाहिले.

"साहेब कुठी हायेत?"

"मीच."

"तुमीच का?" त्याने मला पायापासून टोपीपर्यंत पाहिले आणि आत जाऊन वर्दी दिली, "आले जी. पन साधेच हायेत."

शाळेत बाहेरचा माणूस आला की तो तपासणीला आला, हीच आपल्याकडची समजूत. मुलांची नखे कापलेली होती, नकाशा भिंतीवर नवा टांगला होता. आमच्या लहानपणी काही शाळांतून एक रीत होती: साहेबाने प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा, येत असेल त्याने उजवा, येत नसेल त्याने डावा. साहेबाला सगळे हात सारखे, मास्तर मात्र उजवा हात पाहून मुलगा उठवणार. वानखडे मास्तरांना ही रीत माहीत होती, पण त्यांनी ती कधी चालवली नाही. त्यांची रीत निराळी होती. तपासणी येणार असे कळले की ते महिनाभर सकाळ-संध्याकाळ मुलांना बसवून घेत. येईपर्यंत सोडत नसत. आमचा सगळ्यांचा उजवाच हात वर असे.

अमरावतीची मुले चुणचुणीत होती. मी 'डोळे मिटा' म्हटले की मिटत, आणि मी दुसऱ्या रांगेकडे वळलो की काहींच्या पापण्या हळूच उघडत. संध्याकाळी बोर्डिंगच्या खोलीत मी कागद तपासले. बहुतेक मुलांच्या फुल्या वर्तुळांच्या बाहेर नाचत होत्या; थोड्या मुलांच्या अगदी नीट आत. ही थोडी हुडकून काढण्यात मला मजा वाटू लागली, हे मी कबूल करतो. एका कागदावर दहाच्या दहा फुल्या होत्या, आणि मी स्वतःशीच म्हणालो, सापडलास.

मोर्शी

मोर्शीकडे जाताना दोन्ही बाजूंनी संत्र्यांचे बगीचे लागतात. तोड चालू होती. बांधावर संत्र्यांचे ढीग, बाया निवडायला बसलेल्या, आणि मोटारीत सगळीकडे सालीचा वास. स्टँडवर मास्तर स्वतः उभे होते. धुतलेले धोतर, डोक्याला पागोटे. मी वाकलो तर त्यांनी मला दंडाला धरून उभे केले.

"आता रस्त्यात नको वाकू, किसना. तू साहेब हायेस आज. पोट्टे पाहून राहिले."

शाळा शेणाने सारवलेली होती. दाराला संत्र्याच्या पानांचे तोरण होते. मास्तरांनी मला आपल्या खुर्चीवर बसवले आणि स्वतः भिंतीशी उभे राहिले. मी उठू लागलो तेव्हा इतक्या रागाने पाहिले की मी बसलो.

मी कागद वाटले. मुलांनी ते पाहून घेतले, डावा पंजा कागदावर पसरला आणि डोळे मिटले. मला वाटले, कागद हलू नये म्हणून धरला आहे. मी रांगांमधून फिरलो. वाकून एकेकाच्या पापण्यांकडे पाहिले. एकही पापणी हलली नाही. अमरावतीत निदान चोरी दिसत होती. इथे इतकी शांतता की पेन्सिलींचा आवाज ऐकू येत होता.

कागद गोळा करून मी तिथेच चाळले. तीन मुले सोडली तर प्रत्येकाच्या आठ, नऊ, दहा फुल्या वर्तुळात होत्या. नियमाप्रमाणे ही सगळी शाळा लबाड होती. माझी शाळा. आणि लबाडीत इतकी तरबेज की मला समोर उभे राहूनही पकडता आले नाही. ही विद्या यांना कुणी शिकवली असेल, असा विचार करताना मी मान वर करून मास्तरांकडे पाहिले. ते भिंतीशी उभे राहून हसत होते. क्षणभर मी त्यांच्यावर संशय घेतला. तो क्षण माझ्या मनातून जात नाही.

संध्याकाळी जेवायला त्यांच्याकडे होतो. ज्वारीची भाकर, वांग्याचे भरीत, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी. काकू चुलीपाशी, आम्ही दोघे पाटावर.

"कसे निंघाले पोट्टे?" मास्तरांनी विचारले.

"हुशार आहेत," मी म्हणालो.

"हुशार नाई त काय," काकू चुलीपासून म्हणाल्या. "तुहा तो कागद आला तवापासून याईच्या अंगात आलं होतं. पंधरा दिवस घरात दुसरी गोठ नाई. मले बी दोनदा डोये मिटाले लावले."

"तुले आलं कुठी पन?" मास्तर म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "पह्यले मलेच नाई जमलं, किसना. डोये मिटले का पेन्सिल कुठीबी जाये. मंग म्या पोट्ट्याईच्या डोयाले फडकं बांधलं, पाहाचंच नाई म्हनून. त माळ्याच्या पोराईनं दोन दिवसांत साधलं."

"कसं साधलं?"

"कसं काय? लसून लावता तसं." त्यांनी ताट बाजूला सारले आणि डावा पंजा पाटावर पसरला. "आंगठा कागदाच्या कोनावर. बोटाबोटानं सरकाचं. इथी पह्यला गोल, चार बोटं वळून सरकलं का दुसरा. वाफ्यात कुडी लावतानी कोन पायते खाली? माळ्याची पोरं म्या मास्तर केली अन् त्याईनंच बाकीच्याईले शिकवलं. तिघं तापानं पडले होते, तेवढे राह्यले."

मी विचारले, "डोळे कुणी उघडले नाहीत?"

मास्तरांचे हसू गेले. "माह्या शाळेत?" एवढेच म्हणाले.

मग ताट पुन्हा पुढे ओढून ते म्हणाले, "तुह्या पुस्तकात शाळेचं नाव येईन न?"

"नाव देत नाहीत, मास्तर. नुसता क्रमांक देतात."

"क्रमांक त क्रमांक. मले सांगजो कोनता ते. गावाले दाखवीन."

तेव्हाच सांगायला हवे होते. पण काय सांगणार होतो? तुमची मुले चोर आहेत का ते पाहायला मी आलो होतो, आणि तुम्ही त्यांच्याकडून इतकी मेहनत करून घेतली की ती चोर ठरली? मी तोंड उघडले, काकूंनी पानात आणखी भरीत वाढले, आणि मी ते खाल्ले.

मोर्शी, दुसरा दिवस

सकाळी मळ्यात गेलो. आई लसूणच लावत होती. ओल्या वाफ्यावर डावा पंजा पसरायचा, उजव्या हाताने बोटांच्या टोकाशी कुडी खुपसायची, पंजा पुढे सरकवायचा. तिचे तोंड माझ्याकडे होते आणि ती मावशीच्या लग्नातल्या भांडणाची हकीकत सांगत होती. खाली एकदाही पाहिले नाही. कुड्या मात्र एका ओळीत.

मी तिच्या शेजारी बसलो, डोळे मिटले आणि पंजा पसरला. सहा वर्षे लसणाला हात लावला नव्हता. दहा कुड्या लावल्या आणि डोळे उघडले. दहाही ओळीत होत्या.

"काहून रे, डोये काहून मिटले?" आईने विचारले. मी तिला वर्तुळांचे सांगितले. ती हसत सुटली. "कागदावर लसून लावते का कोनी, बाप्पा? एवढं शिकून हेच करून राहिला का तू?"

मी स्वतः माळ्याचा पोर, आणि शाळेत मला वाटले, मुलांनी कागद हलू नये म्हणून धरला आहे. हे न ओळखणे मी नागपुरात शिकलो होतो की काय कोण जाणे.

अंजनगाव सुर्जी

अंजनगावचे नाव पानमळ्यांसाठी आहे. लांबून पाहिले तर झोपड्या वाटतात. आत गेले की हिरवा, गार अंधार आणि वर चढत गेलेल्या वेली. तिथल्या एका उर्दू शाळेत मुनीर मास्तर म्हणून हेडमास्तर होते. पन्नाशीचे, मेंदी लावलेली दाढी, मराठी आपल्यासारखीच. त्यांना मी काही आधी पाठवले नव्हते. मुलांच्या फुल्या कागदभर पसरल्या. माझ्या दृष्टीने शाळा अतिशय खरी निघाली.

मुनीर मास्तरांनी एक कोरा कागद उचलला, स्वतः डोळे मिटून फुल्या मारल्या, डोळे उघडून पाहिले आणि कागद खाली ठेवला.

"हे त होतच नाई जी कोनाले."

"नाही होत."

"मंग ज्याचं होते तो?" ते माझ्याकडे पाहत राहिले. "अच्छा. ज्याचं होते तो चोर. बराबर हाय का?"

इतक्या थोड्या वेळात हे कुणी ओळखले नव्हते. मी मान हलवली.

"म्हंजे पोराईले सांगाचं का फुली बराबर मारा, अन् बराबर मारली का धराचं. पह्यलं खोटं त तुमीच बोलले, भाऊ. मंग खोटं कोन बोलते ते हुडकून राहिले."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यांनी मला घरी नेले, खिचडी आणि लोणचे वाढले. माझ्या आजोबांच्या वेळी असे जेवण झाले नसते; माझ्याही वेळी गावी कळले असते तर चार तोंडे बोलली असती. जेवताना मी त्यांना मोर्शीची सगळी हकीकत सांगितली. का सांगितली ते मला ठाऊक नाही. अनोळखी माणसाजवळ बोलणे सोपे असते एवढेच.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकले. "आता काय करसान?"

"अकोल्याला प्रोफेसर भेटणार आहेत. त्यांना सांगतो."

"प्रोफेसरले नाई जी. मास्तरले सांगा. आजच मोटार हाय परत."

"आधी प्रोफेसरांना विचारतो. ते मार्ग काढतील."

मुनीर मास्तरांनी पानाचा डबा माझ्यापुढे सरकवला. "घ्या. पान तरी सच्चं हाय आमच्या गावचं." मोटार मोर्शीच्या बाजूला गेली ती मी पाहिली. मी लहान रेल्वेने मूर्तिजापूरला गेलो आणि तिथून अकोल्याला.

अकोला

कापसाचा हंगाम होता. स्टेशनपासून बाजारापर्यंत गाड्यांची रांग, वर पांढरे ढीग आणि ढिगांवर झोपलेले गाडीवान. सरकी काढणाऱ्या जिनांचा आवाज सगळ्या गावावर सारखा चालू असतो. तिथली माणसे त्या आवाजातही सहज बोलतात, आपण ओरडतो. हवेत कापसाचे तंतू. चहात तंतू, टोपीवर तंतू.

प्रोफेसर एका वकिलांकडे उतरले होते. व्याख्यानासाठी आले होते. वकील कोर्टात गेले होते आणि आम्ही दोघेच व्हरांड्यात बसलो. त्यांनी माझे कागद दोन तास पाहिले. मोर्शीच्या गठ्ठ्याशी आले तेव्हा चष्मा वर केला.

"हे विलक्षण आहे. अमरावतीशी तुलना केलीत? आपल्या प्रबंधाचा कणा हाच आहे."

मी सगळे सांगितले. कागद आधी पाठवला ते, फडकी, लसूण, चार बोटे. मी व्हरांड्याच्या फरशीवर पंजा पसरून दाखवले. त्यांनी ते लक्ष देऊन पाहिले आणि म्हणाले, "गंमत आहे."

मग ते बराच वेळ बोलले. ते ओरडले असते तर मला सोपे गेले असते. "हे पाहा, तुम्ही कागद आधी पाठवलात असं लिहिलंत, तर परीक्षक पहिलं काय विचारतील? बाकीच्या शाळांना काय काय पाठवलंत, हे. तुमचा एकही आकडा उभा राहणार नाही."

"मग मोर्शी गाळू या."

"मोर्शी गाळलीत तर शहर आणि खेडं यांत फरकच उरत नाही. फरक नाही, हे सांगायला पदवी कोण देतं? पुन्हा सगळं करायचं तर एक वर्ष. शिष्यवृत्ती या वर्षी संपते, हे तुम्हाला माहीत आहे. पुढचं वर्ष तुम्ही कशावर काढणार?"

"पण त्या मुलांनी डोळे उघडले नाहीत, सर."

"हे तुम्हाला त्या शिक्षकांनी सांगितलं. तुम्ही पाहिलंत?"

"मी पाहिलं. एकही पापणी हलली नाही."

"म्हणजे तुम्हाला दिसलं नाही," ते म्हणाले. "माणूस काय सांगतो ते आपण मोजत नाही. आपुलकी ही या शास्त्रात फार महाग पडते. मी तुम्हाला भाग पाडत नाही. गाळायचं तर गाळा."

त्यांनी तक्त्याचा कागद माझ्यापुढे ठेवला आणि चहा सांगायला आत गेले. घरातून कपबशांचा आवाज येत होता. मला वडिलांचा चेहरा आठवला, शिष्यवृत्तीचा कागद त्यांनी उलटा धरला होता तो. मी टाक घेतला आणि तक्त्यात लिहिले: ग्रामीण शाळा, क्रमांक तीन. समोर लबाड मुलांचा आकडा लिहिला. प्रोफेसर बाहेर आले, त्यांनी तक्ता पाहिला आणि माझ्यापुढे चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला त्या आकड्याचे कारण सांगितले. ग्रामीण घरांतून सत्याचे संस्कार दुबळे असतात आणि शिक्षकाचा नैतिक प्रभाव कमी पडतो, अशा अर्थाची सहा वाक्ये. ती त्यांनी सांगितली आणि मी लिहून घेतली. पाचव्या वाक्यात त्यांना एक शब्द सुचेना. तो मी सुचवला.

प्रबंध मंजूर झाला. परीक्षकांनी क्रमांक तीनच्या तक्त्याचे विशेष कौतुक केले. कळले त्या दिवशी वडिलांनी बाजारात एक पोते वांगी फुकट वाटली. मला अमरावतीच्या एका कॉलेजात जागा मिळाली. आणि नंतर मास्तरांचे पत्र आले. किसनाचे पुस्तक झाले असे त्यांनी गावभर सांगितले होते. शाळेत समारंभ ठेवला होता. तहसीलदारसाहेब येणार होते, कारण गावात नीट इंग्रजी त्यांनाच येते. आमच्या शाळेचे पान त्यांनी सर्वांसमोर वाचावे आणि अर्थ सांगावा, अशी त्यांना विनंती केली आहे. तरी पुस्तक लवकर पाठवावे, आणि आमचा क्रमांक कोणता ते कळवावे.

पत्र खिशात घेऊन मी चार दिवस हिंडलो. पाचव्या दिवशी उत्तर पाठवले. ते खाली देतो.

*तीर्थस्वरूप वानखडे मास्तर यांचे सेवेसी, बालक किसनचा साष्टांग नमस्कार.*

*आपले पत्र पावले. पुस्तक पाठवीत नाही. ते तहसीलदारसाहेबांकडून वाचवून घेऊ नये, कारण त्यात आपल्या शाळेची निंदा आहे आणि ती मी लिहिली आहे.*

*आपला क्रमांक तीन. ती परीक्षा हुशारीची नव्हती. डोळे मिटून फुली बरोबर मारता येतच नाही असे धरून ती केलेली आहे. ज्याची बरोबर पडली त्याने डोळे उघडले, असा तिचा नियम. तापाने पडलेली तीन मुले सोडून मी आपली सगळी शाळा लबाड ठरवली. खाली असेही लिहिले की खेड्यातल्या शिक्षकाचा मुलांवर वचक नसतो. हे वाक्य दुसऱ्याने सांगितलेले आहे, पण अक्षर माझे आहे, आणि त्या अक्षराला वळण आपण लावलेले आहे.*

*मला ठाऊक नव्हते असे नाही. आपण पाटावर पंजा पसरून दाखवलेत तेव्हाच सगळे कळले होते. त्या वेळी बोललो असतो तर कागद फाडून टाकता आले असते. आपण कागदाचा सराव करून घेतलात यात आपला काही दोष नाही. कागद मी पाठवला. तो काय आहे ते मी लिहिले नाही.*

*विद्यापीठाला कळवावे म्हणून दोनदा पत्र लिहिले आणि दोनदा पेटीत ठेवले. कळवले तर पदवी राहणार नाही, आणि नोकरीही. वडिलांना हे कसे सांगावे ते समजत नाही. धीर होत नाही, हेच खरे कारण. आपण 'पाठव' म्हणालात तर पाठवीन. हा भार आपल्यावर टाकू नये एवढे मला कळते, तरी टाकतो आहे.*

*समारंभाचे काय करावे ते सुचत नाही. पुस्तक टपालात गहाळ झाले असे लोकांना सांगावे, असे मी या जागी आधी लिहिले होते. ते खोडले. आपण तसे सांगणार नाही.*

*आपला,*
*किसन*